अंगठ्याची पोच



याच शाळेत मी शिकलो आणि 1981 साली पोस्टात लागलो. तेव्हा आपल्या कोकणात बहुतेक घरांतलं एखादं तरी माणूस मुंबईला गिरणीत होतं आणि गावची चूल त्याच्या मनीऑर्डरीवर पेटायची. माझ्या बटवड्यात सहा वाड्या होत्या. पावसाळ्यात पऱ्याला पाणी आलं की टपालाची पिशवी छातीशी धरून साकवावरून पलीकडे जायचं.

मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली एक कुपन असे. त्यावर पैसे पाठवणाऱ्याला दोन-चार ओळी लिहिता येत. पगार झाला की मुलगा पोस्टात रांगेला उभा राहायचा आणि तेवढ्या जागेत सगळा महिना बसवायचा. ‘दिवाळीला रजा नाही. गुरांना पेंढा घ्या. खोकला कमी आहे.’ मी नोटा मोजायला लागलो की एक आजी नेहमी म्हणायची, “पैसे राहू देत रे बाबा, आधी काय लिवलंय ते वाच.” मी वाचायचो. ‘खोकला कमी आहे’ हे ती दोनदा वाचून घ्यायची. मग शाईचा अंगठा पावतीवर उठवायचा. ती पोच परत मुंबईला, मुलाच्या हातात जायची.

तिचा मुलगा एकदा अचानक गावी आला. आईच्या अंगठ्याच्या सगळ्या पावत्या त्याने ट्रंकेत जपल्या होत्या. त्या महिन्याचा ठसा फिकट उठला होता. आईच्या हातातला जोर गेला की काय, या धास्तीने तो रात्रीच्या गाडीने निघाला होता. खरं म्हणजे माझ्या पॅडवरची शाई सुकली होती. पण तो आला, दोन दिवस राहिला. मी त्या दिवसापासून पॅड कधी सुकू दिलं नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि मनीऑर्डरी आटल्या. मी वाडीत शिरलो की माणसं अंगणात येऊन उभी राहत. मी नुसती मान हलवायचो. तरीही मला ओटीवर बसवून पाणी देत, कारण पत्र नसलं तरी मुंबईहून येणारी वाट माझ्या पायांनीच त्यांच्या दारापर्यंत येत होती.

त्या काळाचे गोडवे गायला मी उभा नाही. बाप गेल्याची तार हातात पडेपर्यंत तिकडे अग्नी दिलेला असायचा, आणि लेकीचा तो आक्रोश मी दारात उभा राहून ऐकला आहे. 2013 च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा मला हळहळ वाटली नाही. सोय मला नेहमीच हवी होती. पूर्वी पत्त्यांचा गोंधळ असे: एकाच नावाची दहा गावं, त्यात नाना लिप्यांतले पत्ते. पत्रं भलतीकडेच फिरत राहायची. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिन कोड दिला, तो 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला. त्या सहा आकड्यांनी आमची केवढी मेहनत वाचवली! पण दारापर्यंतचं चालणं त्यांनी काढून घेतलं नाही.

2020 च्या टाळेबंदीत माझ्या निवृत्तीला वर्षच उरलं होतं. बँकेपर्यंत जायला गाडी नव्हती. आमचे पोस्टमन छोटं यंत्र घेऊन वाड्यावाड्यांत गेले. म्हाताऱ्या माणसांनी त्यावर अंगठा टेकवला, आधारशी जोडलेल्या खात्यातले पैसे घरात मिळाले. यंत्र नवं, अंगठा तोच, आणि समोर ‘बरं आहे ना?’ विचारणारं माणूस.

तुमच्या मोबाइलवरही एक अंगठा आहे. आजोबा चष्मा पुसून, एकेक अक्षर शोधून सात ओळी लिहितात आणि आपण तो अंगठा पाठवतो. वाचल्याचं त्यांना कळतं. तुम्ही कसे आहात ते कळत नाही. आता तर वाढदिवसाचा निरोपही यंत्र लिहून देतं. शब्द सुरेख असतात. पण आजोबांचा गुडघा कोणता दुखतो, हे त्याला ठाऊक नसतं. ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि म्हणून ते तुम्हीच लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मुख्याध्यापक सरांना विचारून मी प्रत्येकासाठी एक पोस्टकार्ड आणलं आहे. ते अजून 50 पैशांना मिळतं. आज रात्री घरी गेल्यावर एका माणसाला लिहा. ‘कसे आहात’ एवढ्यावर थांबू नका. त्यांच्याविषयी जे फक्त तुम्हालाच माहीत आहे, ते विचारा. पत्ता पूर्ण लिहा, पिन कोडसकट. ज्यांना जमणार नाही, त्यांनी उद्या सकाळी दहाला शाळेच्या व्हरांड्यात यावं. मी तिथे बसलेला असेन. टपाल निघायच्या आत कार्डं पेटीत पडली पाहिजेत.