नव्वी कोणी टाकली?

कसाऱ्याहून मुंबईकडे सुटलेल्या लोकलचं पुढचंच स्टेशन उंबरमाळी. इथे चढणाऱ्याला बसायला जागा मिळते आणि पुढे अडीच तास काढायचे असतात. खर्डी, आटगाव मागे टाकून गाडी आसनगावला भरते, तोवर चौघांच्या गुडघ्यांवर बॅग आडवी पडलेली असते आणि मेंढीकोटचा पहिला डाव रंगलेला असतो. समोरच्याचा खेळ ओळखायचा कसा, हे शिकायला यापेक्षा चांगली शाळा मला ठाऊक नाही. रोज तेच चौघे, तोच डबा.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. 52 पानं, चौघे, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकी 13 पानं. चारपैकी तीन दश्श्या ज्यांच्याकडे गेल्या त्यांचा डाव. दोन-दोन झाल्या तर सात हात करणारे जिंकले. चारही एकीकडे गेल्या की प्रतिस्पर्ध्यांवर मेंढीकोट चढला.

नवखे खेळाडू चेहरे बघतात. कपाळावर आठी पडली, पत्ते चाचपले, म्हणजे बाजी वाईट! मुरलेला गडी पानं बघतो. समजा, इस्पिकचा एक्का, राजा, राणी तुमच्या हातात आहेत. हुकूम ठरलेला आहे. तुम्ही एक्का उतरवलात, भिडूचा गुलाम पडला आणि उजवीकडच्यानं नव्वी टाकली. हात आपला होणार नाही हे दिसत असताना माणूस सगळ्यात हलकं पान टाकतो. म्हणजे दुर्रीपासून अठ्ठीपर्यंत इस्पिकचं त्याच्याकडे काही नाही. उरली असेल तर दश्शीच, नाहीतर इस्पिक संपलं. आता राजा उतरवायचा का? दश्शी असेल तर ती पडलीच. नसेल तर तो हुकूम मारून तुमचा राजा घेऊन जाईल.

इथे पानांचा हिशेब संपतो आणि माणसाचा सुरू होतो. हाच गडी हातात तिर्री असूनही मुद्दाम नव्वी टाकणाऱ्यांतला असेल, तर वरचा सगळा तर्क फोल. कोणी दश्शीला शेवटपर्यंत कवटाळून बसतो आणि शेवटच्या हातात ती गमावतो. कोणी हाती आला की एक्का आपटतो. हरू लागला की एखाद्याचा सारा संयम सुटतो. माझ्या मते स्वभाव कळतो तो तेव्हाच, जिंकताना सगळेच शहाणे असतात. पण कोण कसा खेळतो हे डाव चालू असताना ठरवता येत नाही. डाव संपला की, नव्वी टाकली तेव्हा त्याच्या हातात आणखी काय होतं, हे आठवून जुळवावं लागतं.

माणूस ओळखावा लागतो, या म्हणण्याला छेद देणारं एक उदाहरणही आहे. 2019 मध्ये प्लुरिबस नावाच्या संगणक-प्रणालीनं सहा जणांच्या पोकरमध्ये व्यावसायिक खेळाडूंवर मात केली. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे तुओमास सँडहोम आणि नोअम ब्राऊन तिचे कर्ते. ती स्वतःशीच खेळून तयार झाली होती. समोरच्याच्या सवयी हेरून ती आपला खेळ बदलत नव्हती. स्वतःचा अंदाज मात्र कोणाला लागू देत नव्हती. मग माणूस ओळखण्याची गरजच काय?

गरज आहे, कारण प्लुरिबसला भिडू नव्हता. मेंढीकोटात तुम्ही कोणालाच थांग लागू दिला नाहीत, तर तुमच्या एक्क्याखाली दश्शी ढकलायला भिडूही कचरेल. म्हणून इथे दुहेरी काम: भिडूला कळेल इतकं सरळ आणि शेजारच्या दोघांना पुरतं कळणार नाही इतकं आडवं खेळायचं. बहुतेक जण प्रतिस्पर्ध्यावर डोळे लावून बसतात आणि डाव घालवतात तो भिडूला न ओळखल्यामुळे.

तेव्हा नवीन टोळक्यात बसलात तर पहिले काही डाव हरायची तयारी ठेवून भिडूची उतारी नीट बघा. पैसे लावू नका. आणि आसनगावला गर्दी चढली की बॅग आवरून उभ्या माणसांना वाट द्या.