साडेबावीस इंच



सहासष्टाव्या वर्षी मी गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा शेजाऱ्यांनी कुंपणावरूनच विचारलं, "गुर्जी, आता या वयात गाडी कायले पायजे?" प्रश्न वर्ध्यात विचारलेला, म्हणून जास्तच टोचला. गांधीजी 30 एप्रिल 1936 ला इथूनच सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, पायी गेले, तेव्हा तेही सहासष्ट वर्षांचेच होते. मी म्हटलं, "बापूंचे गुडघे बापूंपाशी. आमच्या घरात दोघांचे मिळून चार आहेत, त्यातला एकच धड आहे."

पोरगा पुण्यात. त्याने फोनवर गाड्यांची यादी पाठवली : ॲव्हरेज किती, पिकअप किती, सनरूफ आहे की नाही. आता सांगा, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या गावात छताला काच लावून करायचं काय? पापड वाळवायचे?

पहिल्या शोरूममध्ये लांबट, देखणी सेडान होती. आमची ही दार उघडून आत वाकली, डोकं चौकटीला लागलं, मग धपकन खाली बसली. बसणं जमलं. उठताना मात्र एक हात दारावर, एक हात माझ्या खांद्यावर, आणि तोंडातून "आई गं". सेल्समन पोरगा तेवढा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. चांगला पोरगा.

घरी आल्यावर हिने शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून टेप काढला. सोफा मोजला, सतरा इंच. तिथून उठताना हिला हात द्यावा लागतो. पलंग मोजला, गादीसकट बावीस. तिथून ही आपली आपण उठते. दुसऱ्या दिवशी टेप पर्समध्ये. त्या सेडानची सीट जमिनीपासून साडेअठरा भरली. शेजारच्या दांडग्या एसयूव्हीची सत्तावीस. तिच्यात बसायचं नव्हतं, चढायचं होतं. एक उभट, डब्यासारखी छोटी गाडी साडेबावीस निघाली. ही आधी पाठमोरी टेकली, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत घेतले, आणि म्हणाली, "हीच."

अशा उभट गाड्या आपल्याकडे नव्या नाहीत. 1998 ला सँट्रो आली, 1999 ला वॅगन आर. तेव्हा आम्हीच त्यांना खोकं म्हणून हसलो होतो. बसणाऱ्याचं वय वाढलं की खोक्याचं रूप दिसायला लागतं.

पैशांचं थोडक्यात सांगतो. चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी असेल, तर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 28 ऐवजी 18 टक्के लागतो. आमची त्यात बसली. क्लचला डाव्या पायाचा गुडघा लागतो, म्हणून क्लचचं पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी घेतली. गिअर बदलताना जरासा गचका देते, पण वर्ध्याच्या सपाट रस्त्यावर चालतं. एसीला गोल फिरवायचं बटण आहे. पडद्यावर बोट ठेवून थंडावा शोधायचा, तर चष्मा कोणता लावायचा इथपासून सुरुवात. एक गोष्ट दुकानात कोणी दाखवत नाही : डिकीतलं स्टेपनीचं चाक. ते मी उचलून पाहिलं. निघालं नाही. तेव्हा पंक्चरवाल्याचा नंबर फोनमध्ये घेतला.

लायसन्सचं मात्र नीट ऐका. पंचावन्न उलटल्यावर लायसन्स एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं, आणि नूतनीकरणाला फॉर्म 1-अ वर डॉक्टरांचा दाखला लागतो. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय. समोरच्या गाडीचा दिवा रात्री शेवंतीच्या फुलासारखा पसरतो. म्हणून दिवेलागणीनंतर मी स्टिअरिंगला हात लावत नाही. नागपूरला जायचं तर सकाळी, बुटीबोरीच्या जुन्या रस्त्याने. समृद्धी महामार्गावर 120 ची मर्यादा आहे. तिथे मी ऐंशीने गेलो की मागचे लोक माझी जात-कुळी काढतात.

मग रात्री दुखलं-खुपलं, सेवाग्रामला दवाखान्यात जायचं झालं, तर? हा प्रश्न हिनेच काढला, आणि उत्तरही हिनेच दिलं : एकसष्टाव्या वर्षी लर्निंग लायसन्स काढलं. सीट पुढे-मागे, वर-खाली होते का, हे आम्ही शोरूममध्ये तपासलं होतं ते याचसाठी. हिची उंची माझ्यापेक्षा वीतभर कमी आहे. परवा पहाटे पवनारपर्यंत हिने गाडी नेली. धाम नदीच्या पुलाअलीकडे बाजूला घेतली, मला म्हणाली, "हाताची मूठ सोडा आता." मूठ आवळली आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

टेप अजून गाडीच्या कप्प्यातच असतो. काल कुंपणावरून पुन्हा हाक आली.

"गुर्जी, तो टेप देता काय जरासा?"