खेळांच्या पेटीत नवी भर

घरात नवे भांडे आले तर कोणी कारण विचारीत नाही. दिवाळीला गुलमंडीवरून साडी आणली, तर शेजारीणही कौतुकाने पदर उलगडून पाहते. पण पोक्त माणसाने स्वतःसाठी पटावरचा एखादा खेळ आणला, की प्रश्न येतोच : 'हे मुलांसाठी ना?' आणि आपण ओशाळून मान डोलावतो. श्रोतेहो, असे ओशाळण्याचे काही कारण आहे का, एवढाच आजचा विषय.

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला उत्तर लांब शोधायला नको. तीसेक किलोमीटरवर वेरूळ आहे. कैलास पाहून बहुतेक जण परत फिरतात. पुढच्या खेपेला २१ व्या लेण्यात, रामेश्वरात, जाऊन पाहा. साधारण सहाव्या शतकातले हे लेणे. तिथे शिव आणि पार्वती फासे खेळत बसले आहेत. १४ व्या आणि २९ व्या लेण्यांतही हाच प्रसंग कोरलेला आहे. देवांनी खेळायला हरकत नाही, मग आपण का लाजावे? मात्र रामेश्वरातल्या त्या शिल्पात खाली गणांच्या गराड्यात नंदी आहे, तोही पाहा. शंकराने डावात नंदी गमावला, असा त्याचा अर्थ सांगतात. खेळाची गोडी आणि खेळाचा इशारा, दोन्ही एकाच दगडात! खेळा, पण पणाला काही लावू नका.

मग पेटीत भर कशाची घालावी? पहिला मान सारीपाटाचा. चार फांद्यांचा कापडी पट, प्रत्येक फांदीवर तीन ओळींत २४ घरे, आणि चार रंगांच्या १६ सोंगट्या. फाशांऐवजी कवड्या घेतल्या की झाली पचिशी. सहाही कवड्या पालथ्या पडल्या, तर एका रीतीप्रमाणे २५ चे दान; नावही त्यावरूनच. याच खेळाचे सोपे रूप इंग्लंडात १८९६ साली 'लूडो' म्हणून नोंदले गेले, आणि पाहुण्यासारखे आपल्याच घरी परत आले.

दुसरा खेळ वाघ-बकरी. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून बकरी खातो. बकऱ्या एकजुटीने त्याची वाट बंद करतात. इथे फासा नाही, तेव्हा नशिबाला बोल लावायची सोय नाही बरं का!

तिसरा हवा असेल तर परदेशी घ्या. क्लाउस टॉयबर यांचा 'कटान' १९९५ साली जर्मनीत निघाला. धान्य, लाकूड, विटा यांची देवघेव करीत वस्त्या वसवायच्या. समोरच्याशी गोड बोलल्याशिवाय वीट मिळत नाही! पण त्याला तीन-चार जण लागतात, आणि खोके स्वस्त नसते.

इथेच खरी मेख आहे. पैसे मोजून खोके मिळते, सोबती मिळत नाही. फळीवर न उघडलेली खोकी रचली, तर तो संग्रह नव्हे, अडगळ. म्हणून घेण्याआधी समोर कोण बसणार ते ठरवा. घरात म्हातारे माणूस असेल, तर सारीपाटच घ्या. नाहीतर जाड कापडावर घरीच शिवा. परदेशी खोक्यात नियमांचा छापील कागद असतो. आपल्या सोंगट्यांचे नियम घरोघरी निराळे. कोणत्या दानावर सोंगटी बसते, कोणत्या घरात ती मारता येत नाही, हे आजीच्या तोंडी असते. ती गेली, की त्या घरची रीतही गेली.

तेव्हा येत्या रविवारी पट अंथरा, आजीला पहिले दान टाकू द्या आणि ती सांगेल तो नियम वहीत उतरवून घ्या. ती वहीसुद्धा त्याच पेटीत ठेवा. पेटीतली ती सर्वांत मोलाची भर ठरेल.