खिडकीतला कप



साताऱ्यात शिकत असताना बाल भीमरावांना शाळेच्या नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी. शिपाई नसेल तर तहान. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन डॉ. आंबेडकरांनी माणुसकीचा हक्क बजावला. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

हा पाठ मी अनेक वर्षे शिकवीत आले. एकदा सातवीतील एका मुलीने विचारले, “बाई, मग सफाई करणाऱ्या मावशींचा कप शिक्षकांच्या खोलीत खिडकीवर वेगळा का असतो?”

मी निरुत्तर झाले. तो कप तिथे कोणी ठेवला, हे कोणालाच आठवत नव्हते. त्यात रोज चहा ओतणाऱ्यांत मात्र मीही होते. अन्याय अंगवळणी पडला की करणाऱ्याला तो दिसेनासा होतो; सोसणाऱ्याला रोज दिसतो.

दुसऱ्या दिवसापासून मावशी आमच्याबरोबर, आमच्याच कपांतून चहा घेऊ लागल्या.

या हीरक महोत्सवी वर्षात आपणांस एकच विनंती : आपल्या घरातला असा कप शोधावा. मुलांनी तो दाखवला, तर त्यांच्यावर रागावू नये.