कालव्याच्या शेवटचें गांव

दुर्गम गांव म्हटलें कीं समुद्रापलीकडचें एखादें बेट किंवा सह्याद्रीच्या कपारींतील एखादी वाडी डोळ्यांपुढें उभी राहते. नाशिक जिल्ह्यांतील ओझर या गांवाला त्या अर्थानें दुर्गम कोणी म्हणणार नाहीं. अष्टविनायकांपैकीं विघ्नेश्वराचें ओझर तें निराळें. तें पुणें जिल्ह्यांत जुन्नर तालुक्यांत आहे. निफाड तालुक्यांतील हें ओझर बाणगंगेच्या कांठीं वसलेलें असून मुंबई-आग्रा महामार्ग त्याच्या अंगावरून जातो. १९६४ सालीं येथें विमानांचा कारखाना स्थापन झाला. ज्या मिग-२१ विमानांनीं अनेक वर्षें देशाचें आकाश राखलें व जीं २०२५ सालीं वायुदलांतून निवृत्त झालीं, त्यांची बांधणी येथें झाली. पुढें सुखोई-३० विमानेंहि येथें तयार होऊं लागलीं. आकाशाशीं असें सख्य जोडलेलें हें गांव पाण्यापासून मात्र फार दूर होतें, आणि शेतकऱ्याच्या लेखीं मोजावयाचें अंतर तेंच होय.

दिंडोरी तालुक्यांत कोळवण नदीवर वाघाडचें धरण आहे. त्याचा कालवा तालुक्याची शीव ओलांडून ओझरच्या शिवारांत येतो व तेथें संपतो. कालव्याच्या मुखाशीं असलेल्या जमिनीला हेडची व अंताशीं असलेल्या जमिनीला टेलची जमीन म्हणतात. हे शब्द आतां खेड्यांतील म्हाताऱ्या माणसांच्याहि तोंडीं रुळले आहेत. टेलच्या शेतकऱ्याची स्थिति मोठी चमत्कारिक असते. कागदोपत्रीं त्याची जमीन ओलिताखालीं आलेली असते, परंतु पाणी मात्र शिवारापर्यंत पोंचत नाहीं. वाटेंत कांहीं पाणी जमिनींत मुरतें, कांहीं फुटक्या दारांतून वाहून जातें, कांहीं वरचे लोक हक्कापेक्षां जास्त घेतात. पूर्वीं पाण्याची मंजुरी पीक व क्षेत्र पाहून मिळे. पाणी किती घेतलें याचें माप नसे. माप नाहीं तेथें काटकसर कोणी करावी? एकाच्या शेतांत रात्रभर पाणी तुंबून राही आणि दुसऱ्याची पाळी कोरडीच जाई. शेजपाळीचा नियम होता, पण तो पाळवून घेणारें कोणी नव्हतें.

या अडचणीवर ओझरच्या लोकांनीं जो उपाय शोधला, तो सबंध महाराष्ट्रानें लक्षांत घेण्याजोगा आहे. समाज परिवर्तन केंद्र या संस्थेचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांनीं गांवोगांव बैठका घेऊन शेतकऱ्यांना एकत्र आणलें आणि १९९१ सालीं महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांचें सूत्र अगदीं साधें होतें. पाटबंधारे खात्यानें चारीच्या मुखाशीं पाणी मोजून संस्थेच्या हवालीं करावें. पुढें तें सभासदांत वांटणें, पाळी ठरविणें, चाऱ्या दुरुस्त राखणें व पाणीपट्टी वसूल करणें हें सर्व संस्थेनें पाहावें. वांट्याला आलेल्या पाण्यांत कोणतें पीक घ्यावें हें मात्र ज्याचें त्यानें ठरवावें.

माप आल्याबरोबर माणसांची नजर बदलली. वांचविलेलें पाणी आपल्याच खात्यावर राहतें असें दिसूं लागल्यावर रात्रीचें ओलित निष्काळजीपणें सोडून देणें परवडेना. ओढ्यानाल्यांवर बंधारे घालून कालव्याचें पाणी त्यांत अडविण्यांत आलें. त्यामुळें भोंवतालच्या विहिरींना पाझर फुटला. विहिरींतील हें पाणी कालव्याच्याच पाण्यानें वाढलेलें, म्हणून विहिरीवाल्यांनाहि संस्थेच्या हिशेबांत घेण्यांत आलें. कालव्याची पाळी सरल्यावरहि विहिरीच्या आधारानें बाग जगूं शकते, हा भरंवसा आल्यावर द्राक्षाचे मांडव व भाजीपाला यांचा विस्तार झाला. द्राक्षबागेला पाणी थोडें लागलें तरी तें वेळेवर लागतें. ज्याला पाण्याच्या तारखेची खात्री नाहीं, त्याला तिच्यावर पैसा घालण्याचें धैर्य होत नाहीं.

तथापि टेलच्या तीन संस्थांनीं कितीहि शिस्त पाळली, तरी वरचा सारा कालवा मोकाट असेल तर ती शिस्त व्यर्थ जाते. म्हणून हेंच काम कालव्याच्या वरच्या अंगाला नेण्यांत आलें, आणि २००३ सालीं प्रकल्पावरील चोवीस संस्थांचा महासंघ होऊन संपूर्ण वाघाड प्रकल्पाचें व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हातीं आलें. दोन वर्षांनीं, २००५ सालीं, शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीचें व्यवस्थापन करण्याविषयींचा कायदा राज्यानें केला. कायद्याच्या आधीं लोकांचा अनुभव तयार होता, ही या कथेंतील मोठी गोष्ट आहे.

ही कल्पना आपल्या भूमीला अपरिचित नव्हती. नाशिक व धुळें जिल्ह्यांत नद्यांवर बंधारे बांधून त्यांच्या पाण्यावर सामाईक फड पिकविण्याची वहिवाट फार जुनी आहे. इंडोनेशियांतील बाली बेटावर सुबक नांवाच्या शेतकऱ्यांच्या मंडळ्या सुमारें एक हजार वर्षांपासून डोंगरउतारावरील भातखाचरांना आपसांत पाणी वांटून देत आल्या आहेत. त्यांची पाळी जलदेवतेच्या मंदिरांशीं निगडित आहे. २०१२ सालीं युनेस्कोनें या व्यवस्थेला जागतिक वारशांत स्थान दिलें. तेथें देऊळ जें काम करतें, तें ओझरास मोजमापाची पट्टी व वार्षिक सभा यांनीं करावयाचें ठरविलें. दोन्हीकडे मर्म एकच: वरच्याला खालच्याचें अस्तित्व विसरतां येऊं नये.

आतां पुढें काय? अवकाळी पाऊस व गारपीट यांनीं द्राक्षाची कमाई एका रात्रींत नाहींशी होते. २०१० सालीं औषधाचा अंश सांपडल्यावरून युरोपांत महाराष्ट्राचीं द्राक्षें नाकारलीं गेलीं. तेव्हां दूरच्या बाजाराचा नियमहि पाण्याइतकाच कठोर असतो हें बागाईतदारांस कळून आलें. परंतु या सर्वांहून अवघड परीक्षा निराळीच आहे. वाघाडचें पाणी कोळवण व कादवा या नद्यांच्या वाटेनें गोदावरींत जातें, आणि गोदावरीवर खालीं पैठणला जायकवाडीचें धरण आहे. २००५ च्याच जलसंपत्ति नियमनाच्या कायद्यानें तुटीच्या वर्षीं खोऱ्यांतील धरणांनीं तूट वांटून घ्यावी असें ठरविलें. त्यानुसार नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून खालीं पाणी सोडावें लागतें, आणि दर वेळीं नाशिककडे विरोधाचा सूर उठतो.

नदीच्या हिशेबानें पाहिलें तर मराठवाड्याचा शेतकरी टेलला आहे व ओझर हेडला. १९९१ मध्यें ओझरनें जें मागितलें, तेंच आज पैठणच्या खालचा शेतकरी मागतो. ओझरचें म्हणणें असें कीं, आम्ही काटकसरीनें वांचविलेलें पाणी दुसऱ्याच्या उधळपट्टीसाठीं कां द्यावें? हें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. जायकवाडीच्या कालव्यांवरहि पाणी मोजून वांटलें जावें, हा आग्रह त्यांतून न्याय्यपणें निघतो. पण देण्याचेंच नाकारलें, तर ज्या तत्त्वावर गांवाची बरकत उभी राहिली तें तत्त्व गांवानेंच मोडलें असें होईल. वाघाडचा महासंघ जसा चारी-चारीच्या प्रतिनिधींनीं घडला, तसा सबंध खोऱ्याचा संघ घडविणें कठीण खरें. परंतु चोवीस गावकीं एकत्र येतील असेंहि एके काळीं कोणास वाटत नव्हतें. त्या कामाचा पहिला अनुभव ज्यांच्या पदरीं आहे, त्या ओझरच्या शेतकऱ्यांनींच हा प्रश्न हातीं घ्यावा, हें सर्वथा उचित होय.