परदेशातील रेल्वेचे तिकीट : आधी काढावे की तेथे गेल्यावर?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर या व्यासपीठाशी माझा संबंध म्हणजे खुर्च्या मांडणे आणि पानसुपारीची तबके फिरवणे एवढाच. परंतु मी एकटी जर्मनीला जाऊन आल्यापासून जी भगिनी भेटते ती मला एकच प्रश्न विचारते. कोणाचा मुलगा तिकडे आहे, कोणाची लेक. "तिकडच्या आगगाडीचे तिकीट येथूनच काढून जावे, की उतरल्यावर काढावे?" चिटणीसबाई म्हणाल्या, प्रत्येकीला निराळे सांगण्यापेक्षा एकदाच सर्वांना सांगा. म्हणून उभी राहिले आहे.

माझी थोरली लेक कोलोन शहरात शिकत होती. तिच्या पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन ठरले. ह्यांना दुकान सोडून निघता येईना, म्हणून आपल्या भिशीचे पैसे उचलून मीच निघाले. विमान फ्रँकफुर्टपर्यंत होते. तेथे विमानतळाला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्टेशन आहे. २००२ साली फ्रँकफुर्ट ते कोलोन असा खास वेगवान मार्ग सुरू झाला, त्यावरून गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावते आणि साधारण तासाभरात पोचवते. लेकीला त्याच दिवशी संध्याकाळी इस्पितळात दाखल व्हायचे होते. त्यामुळे ती मला घ्यायला येऊ शकत नव्हती.

आता तिकिटाचे सांगते. आपल्या एस.टी.चे भाडे आधी आरक्षण केले काय आणि आयत्या वेळी चढले काय, जवळजवळ तेच. तेथील जलद गाड्यांचे तसे नाही. दसऱ्याच्या झेंडूचा भाव जसा घटकेघटकेला बदलतो, तसा त्यांचा दर बदलतो. लवकर घेतले तर स्वस्त, गाडी भरत आली की महाग. तिकिटे मुख्यतः दोन प्रकारची. एक 'श्पारप्राइस', म्हणजे बचतीचा दर. हे स्वस्त, पण ज्या गाडीचे काढले त्याच गाडीला चालते. दुसरे 'फ्लेक्सप्राइस'. हे महाग, पण त्या दिवशी त्या मार्गावरच्या कोणत्याही गाडीत बसावे.

लेक फोनवर म्हणाली, "आई, आपण महागाचे काढू. विमान काही आपल्या हातात नाही." मी म्हटले, तिपटीहून जास्त पैसे कशाला? विमान सकाळी उतरते, मध्ये दोन तास आहेत, तेवढ्यात मी सहज पोचेन. तिने माझ्या हट्टापायी स्वस्तातले काढले.

विमान तीन तास उशिरा उतरले. माझी गाडी केव्हाच निघून गेली होती. हातातल्या कागदाकडे पाहून डोळ्यांत पाणी आले. पैसे गेले याचे दुःख होतेच. पण मी पोचण्याआधी पोरीला एकटीनेच इस्पितळात जावे लागेल, या विचाराने पाय लटपटू लागले.

लेकीने एका चिठ्ठीवर जर्मन अक्षरांत गावाचे नाव लिहून दिले होते. आपण कोलोन म्हणतो, पण तेथील पाटीवर जर्मन नाव असते आणि उच्चार 'क्योल्न'च्या जवळचा होतो. ती चिठ्ठी आणि वाया गेलेले तिकीट घेऊन मी तिकिटाच्या खिडकीशी गेले. तेथील बाईंनी दोन्ही पाहिले आणि नियम समजावून सांगितला. माझ्या मोडक्या इंग्रजीलाही तो कळला. त्यांच्या गाडीला उशीर होऊन पुढची गाडी चुकली असती, तर दुसऱ्या गाडीत बसण्याची सवलत मिळाली असती. विमानाच्या उशिराला मात्र ते बांधलेले नाहीत. नियम तिकिटावर होता. वाचला नाही तो मीच.

मग बाईंनी दोन रस्ते दाखवले. एक, ऱ्हाइन नदीच्या काठाने जाणारी साधी गाडी. तिचे भाडे कमी, पण मध्ये गाडी बदलायची आणि वेळ तिप्पट. दुसरी जलद गाडी, तिचे भाडे पूर्ण. पर्समधील नोटा मी दोनदा मोजल्या. साध्या गाडीने संध्याकाळ झाली असती. मी जलद गाडीचे तिकीट घेतले. त्या तिकिटात बसण्याची जागा नक्की नसते, जागेचे आरक्षण वेगळे पैसे देऊन करावे लागते. म्हणून निम्मी वाट उभ्याने गेले. पण लेक घरातून निघायच्या आधी तिच्या दारात पोचले. तिने दार उघडले आणि विचारले, "आई, जेवलीस का?" त्या दिवशी वाचवायला गेलेले पैसे दुप्पट गेले, तरी ते तिकीट मला महाग वाटले नाही.

तर भगिनींनो, माझ्या अनुभवाचे सार असे. विमानातून उतरल्यावरच्या पहिल्या गाडीसाठी त्याच गाडीला बांधलेले स्वस्त तिकीट काढू नये. ते खिडकीवर काढावे, नाहीतर कोणत्याही गाडीला चालणारे घ्यावे. काही विमान कंपन्या विमानाच्या तिकिटाबरोबरच जर्मनीतील रेल्वेचे तिकीट देतात, तेही विचारावे. पुढचे प्रवास मात्र, ज्यांचा दिवस आणि वेळ ठरलेली आहे, ते अवश्य आधी काढावेत. परतताना मी तसेच केले आणि विमानाच्या कितीतरी आधीची गाडी धरली.

प्रत्येक देशाची रीत निराळी. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत जागेचे आरक्षण सक्तीचे आहे आणि दर चढत जातो, तेव्हा तेथे लवकर काढलेले बरे. इटलीत जवळच्या पल्ल्याच्या साध्या गाड्यांचे भाडे ठरलेले असते, तेथे घाई नको; पण कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड होतो. म्हणून तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : भाव चढणारा आहे की ठरलेला? आणि गाडी चुकली तर हे तिकीट चालेल का?

हे विचारायला इंग्रजी फार लागत नाही, धीर लागतो. सातवी शिकलेल्या बाईला तो आला, तर आपणा सर्वांना येईल.