‘काही झालेलं नाही’ हे निदान नव्हे



एका मानसोपचारतज्ज्ञाला फॅमिली डॉक्टरांच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलंत, याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. मधुमेहाची नवी औषधं आणि लसीकरण यांवर कालपासून जाणकार बोलले आहेत, तेव्हा तो आढावा झाला असं समजू. मला बोलायचंय ते रात्री कॅज्युअल्टीतून घरी पाठवलेल्या रुग्णाबद्दल. ईसीजी नॉर्मल येतो, बीपी उतरतं आणि आपण सांगतो, ‘‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.’’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं रुग्णांच्या तोंडून ऐकत आलोय. आज ते ज्यांनी उच्चारलं त्यांच्यासमोर ठेवतो.

कालच्या परिसंवादात एका मित्राने विचारलं, अँग्झायटी अटॅक काय नि पॅनिक अटॅक काय, गोळ्या त्याच, मग कीस कशाला काढायचा? काढायला हवा. १९६०च्या आसपास न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनल्ड क्लाइन यांनी असे झटके येणाऱ्या रुग्णांना इमिप्रामिन हे औषध दिलं. ‘मी मरतोय’ म्हणत नर्सकडे धावणारे रुग्ण धावायचे थांबले, पण मधल्या वेळातली काळजी तशीच राहिली. जिथे एका औषधाने एक त्रास थांबतो नि दुसरा थांबत नाही, तिथे त्रास दोन आहेत. १९८० साली डीएसएम या मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीने पॅनिक डिसऑर्डर हा वेगळा आजार मानला.

पॅनिक अचानक येतो आणि काही मिनिटांत टोकाला जातो. धडधड, घाम, मुंग्या, गुदमरणं, आता मरणार किंवा वेड लागणार ही खात्री. त्याला कारण लागतंच असं नाही. गाढ झोपेतूनही तो माणसाला उठवतो. लोक ज्याला अँग्झायटी अटॅक म्हणतात, त्याला डीएसएममध्ये जागा नाही, पण त्रास खरा असतो. ती काळजी हळूहळू चढते. कर्जाचा हप्ता, मुलीची बारावी असा तिला विषय असतो आणि ती दिवसेंदिवस उतरत नाही.

आजच्या गोळ्या दोन्हींवर चालतात, हे मित्राचं म्हणणं मान्य. पण माझ्याकडे एक एसटी कंडक्टर आला होता. पहिला झटका घाटात, भरल्या गाडीत. पिशवीत ईसीजींची चळत, सगळे नॉर्मल. खिशात अल्प्राझोलमची पट्टी, सतत चाचपून कडा मऊ पडलेली. आधी घाटाची ड्युटी सुटली, मग गर्दीची, मग बिनपगारी रजा. आपल्याला झालंय काय, हे त्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं. हृदय ठणठणीत असल्याची खात्री करून, आजार समजावून, मी त्याला दवाखान्याचा जिना भरभर चढायला लावला. वर पोचताच त्याने माझं मनगट धरलं. ‘‘डॉक्टर, तेच आलं.’’ म्हटलं, ‘‘येऊ द्या. गोळी काढू नका.’’ कठड्याशी आम्ही दोघं उभे राहिलो. धडधड वाढली, काही वेळ टिकली आणि आपणहून उतरली. असा सराव पुन्हा पुन्हा केल्यावर तो घाटाच्या गाडीवर परतला. हप्त्याच्या काळजीने रात्र रात्र जागणाऱ्याला मात्र जिना चढवून काय मिळणार? त्याच्याशी त्या हप्त्याबद्दलच बोलावं लागतं. कीस काढायचा तो यासाठी.

धडधडणाऱ्या प्रत्येकाला पॅनिक ठरवा, असं मी म्हणत नाही. पहिल्या झटक्याला ईसीजी हवाच. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर बघायलाच हवी. तपासण्या नॉर्मल आल्या की आपली जबाबदारी संपली, या समजुतीशी माझं भांडण आहे. ‘काही नाही’ ऐकून गेलेला माणूस पुढच्या झटक्याला दुसऱ्या दवाखान्यात जातो, नवा ईसीजी काढतो. घरचे म्हणू लागतात, याची नाटकं आहेत. ते बळ घरच्यांना आपणच दिलेलं असतं.

संघटनेने रुग्णांसाठी मराठीत एक पानाचं पत्रक काढावं, कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांसाठी छोटं प्रशिक्षण घ्यावं. तपशील कार्यकारिणी ठरवेल. पण पत्रकाची वाट पाहू नका. असा रुग्ण आला, तपासण्या झाल्या, की त्याला सांगा, ‘‘तुम्हाला पॅनिक अटॅक आला होता. याने जीव जात नाही. पुन्हा येऊ शकतो, आणि याला उपचार आहे.’’ हेच केसपेपरवर लिहा आणि पुढे कुठे दाखवायचं तेही लिहा. ही मागणी मी दर अधिवेशनात करणार आहे, अध्यक्ष असलो वा नसलो तरी.